भोंगा नऊ, जवळपास

ट्रेव्हर ऑल्डरसननं कीबोर्ड आणला
रजईच्या खोळीत गुंडाळून.
दारातच म्हणाला, दोन पट्ट्या वाजत नाहीत, त्या राहू देत.
आतले आवाज तेवढे जाऊ देऊ नकोस.

पडद्यावर हिरवट अक्षरं: बॅटरी संपत आली.
गेले तीन हिवाळे हेच म्हणतेय ती, तो म्हणाला,
मला वाटलं उगाच कुरकुरतेय.

दिवसा मी इस्पितळात सलाइनचे पंप तपासते.
बॅटरी संपत आली असं कुणी म्हटलं
की अर्धा चहा टाकून उठायची सवय आहे मला.

तळाचे चौदा स्क्रू. एकाचं डोकं झिजलेलं,
त्यानं अर्धा तास खाल्ला.
आत धूळ, क्लबातल्या सिगारेटींनी पिवळी पडलेली,
गिटारची एक नखी,
आणि कोपऱ्यात ती: रुपयाएवढी,
पाठीपोटाला पत्र्याच्या पट्ट्या डाग देऊन बसवलेल्या.
मीटर लावला. तीनाच्या जागी दोन पॉइंट शून्य आठ.
एवढ्यावर चौसष्ट आवाज तग धरून होते.

उपटली की सगळे जाणार. म्हणून आधी कॅसेट.
कोरी कॅसेट आता घरात कुठून असणार?
एक सापडली. तेविसाव्या वर्षी
मुलाखतीसाठी घोकलेलं माझं इंग्रजी,
मी फार कष्टाळू आहे, बारा वेळा.
तिच्यावरच घेतलं.
साठवताना आवाजांचा आवाज फार कर्कश होतो,
पत्र्यावर चाळण घासावी तसा.
शेजाऱ्यानं भिंत ठोकली.
पहिला पडताळा चुकला, दुसरा जुळला.

तरी भरवसा नको म्हणून दुसरी बॅटरी
दोन तारांनी बाहेरून जोडली, मध्ये एक डायोड,
जुनी उतरून नवी बसेपर्यंत
हिनं खांदा द्यावा.
कथील वितळलं. मी श्वास धरला होता,
त्याची काही गरज नव्हती.

मग नावं पाहिली, सगळी आहेत ना.
ऑर्गन. जाड तारा. शनिवार.
आणि एकेचाळीसपासून पुढं
त्याच्या भाषेत हूटर, मी वाचला भोंगाच:
भोंगा एक. भोंगा दोन. भोंगा तीन, नाही.
भोंगा सहा, वैताग.
भोंगा नऊ, जवळपास.

फोन केला. नदीकाठच्या लोकरीच्या गिरणीचा, म्हणाला,
आई तिथं होती, कातणीत. चौऱ्याऐंशीत पाडली.
क्लबात वाजवायला हवाय, हे बायकोला सांगायचं कारण.

मी सोलापूरची.
आमच्या गल्लीत भोंग्यावर दूध चुलीवर चढायचं,
भोंग्यावर भांडणं थांबायची,
घड्याळ चुकलं तर चुकलं घड्याळच.

नऊ ऐकला. खरंच जवळपास.
पण एकदम चढतो. वाफ अशी येत नाही.
आधी नुसती हवा,
मग घसा खाकरल्यासारखं काहीतरी, मग स्वर,
आणि शेवटी तुटत नाही तो,
दमलेल्या माणसासारखा खाली बसतो.

रात्री दीडपर्यंत सरकपट्ट्या हलवत होते.
नऊला हात लावला नाही.
पन्नास नंबर रिकामा होता.

शनिवारी तो आला.
नऊ वाजवून मान हलवली, गेलेलं नाही काही.
मी पन्नास लावून दिला.
पट्टीवर बोट ठेवलं ते त्यानं बराच वेळ उचललं नाही.

हा आमचा नव्हे, म्हणाला.
नाही, म्हटलं.
मग कुणाचा?

त्याच्या गावाच्या नावात लिहिताना ग असतो,
म्हणताना थ. कीथली.
मी माझ्या गावाचं नाव नुसतं बोलून सांगितलं.
चष्मा कपाळावर सारून
तो एका बोटानं अक्षरं शोधत गेला,
ओठ हलवत.
एक अक्षर चुकलं.

तेवढं मी दुरुस्त केलं नाही.