बारदान

मार्केट यार्डात सोळा वर्षं
बटाट्याची, रताळ्यांची पोती तोलते मी.
पोतं काट्यावर चढलं की
आधी बारदान वजा करायचं,
ओलं असेल तर जरा जास्तच.
मग उरतो तो माल.
हे मला कुणी शिकवायला नको.

पाठीत कळ आली ती दिवाळीनंतर.
दोन खांद्यांच्या मधोमध, जरा खाली,
माझाच हात पोचत नाही अशा जागी.
खडेबाजारातल्या दवाखान्यात गेले.
कंपौंडर पोरानं काट्यावर उभं केलं
आणि लिलावासारखा पुकारला आकडा :
ब्याण्णव!
बाकावरच्या दोघी सरकल्या,
मी जागा मागितली नव्हती तरी.

डॉक्टर आपलेच, आपल्याच भाषेचे.
मी आत पाय ठेवला तेव्हाच
त्यांचं लिहून झालं होतं.
भात बंद करा. चाला.
म्हटलं, पाठ दुखुलाल्या,
सांजच्याला अंग तापतंय.
"एवढं ओझं दिल्यावर पाठ तरी काय करेल, बाई?"
हसले. वाईट नव्हते हसले.
ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला पुरेना,
तो गुंडाळून ठेवला,
राहू दे म्हणाले.

भात सोडला.
बारशाचा कुंदा हातावर आला
तो शेजारच्या पोराला दिला.
पहाटे किल्ल्याच्या खंदकाकडेनं चालायची,
एक हात कमरेवर.
आमचा भैरू हमाल सात भाकऱ्या खातो,
बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
त्याचीही पाठ दुखली.
त्याला त्याच डॉक्टरांनी
फोटो काढून आण म्हटलं.

माघापर्यंत अकरा किलो उतरले.
यार्डात जो तो म्हणे, यल्लूबाई, झक्कास!
सांबऱ्याची आक्का मागंच लागली,
काय खातीस सांग की.
डॉक्टर खुर्चीतनं उठले,
कंपौंडरला बोलावून मला दाखवलं.
रात्री घामानं उशी भिजायची,
मला वाटायचं, चरबीच वितळतेय.
खरं कळ तिथंच.
पायात मुंग्या उतरू लागल्या तेव्हाही मनात म्हटलं,
अजून पाच किलो.

शिमग्याच्या आदल्या दिवशी
काट्यावरनं उठताना पायांनी नाही म्हटलं.
भैरूनं हातगाडीवर घातलं
आणि नेलं सरकारी दवाखान्यात.
रात्रपाळीला गोकाककडची सिस्टर होती, गौरव्वा.
तिचं मराठी मोडकं, माझं कन्नड बाजाराचं,
भाव आणि शिव्या, एवढंच.
तिनं वजन विचारलं नाही.
पदर बाजूला केला, पाठीवर बोटं ठेवली,
आणि एकेक मणका ठोकत खाली आली,
खानापूरचं मडकं घेताना
टिचकी मारून बघतात तशी.
"इल्लि नोवु?"
इल्ला.
"इल्लि?"
मी ओरडले. कुठल्या भाषेत, आठवत नाही.

मांस होतंच की तिथं, भरपूर.
बोटं त्यातनं हाडापर्यंत पोचली.

मणक्याचा क्षय निघाला.
मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
एवढं वजन घटलं, कुणी काही विचारलं नाही?
विचारलं की, म्हटलं.
काय खातीस म्हणून विचारलं.

चार महिने उताणी पडून
पंख्याकडं बघत हिशेब केला :
त्यांनी मला वजा केलं
आणि बारदान ठेवून घेतलं.
पुढचा हिशेब जमला नाही. झोप लागली.

आता अठ्ठ्याऐंशी आहे. भात खाते.
पट्टा बांधून काट्यावर बसते,
गोळ्या चालूच आहेत.
काल कडोलीचा एक पोरगा रताळी घेऊन आला,
वरनं माल देखणा.
मी पोत्याची सुतळी सोडली
आणि कोपरापर्यंत हात आत घातला.
"मावशी, तोल की, उशीर हुतोय."
थांब, म्हटलं.
तळाशी काहीतरी मऊ लागत होतं.