देणंघेणं

माटुंग्याच्या लॅबमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
सिलिका जेल निळं राहत नाही.
सकाळी ओव्हनमधून काढून भरावं,
दुपारी डेसिकेटरच्या तळाशी गुलाबी.
ही या शहराची हवा :
बाटलीचं बूच जरा सैल दिसलं की आत.
आणि पाण्याला तर कुणाचाही हात चालतो.
माझे रेणू एकमेकांना धरून असतात,
त्यांच्या मधे जाऊन बसतं,
दोघांशीही गोड.

सव्वासात. एसी पुन्हा बंद पडलेला.
मोरजे किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात.
एकतीस वर्षं या इमारतीची कुलपं त्यांच्याकडे,
निवृत्तीला उरलेत अकरा दिवस.
"मॅडम, एवढं जपता ते आहे तरी काय?"

मी पट्टी दाखवली. मधाच्या रंगाची, करंगळीएवढी.
रबरच म्हणा. फक्त
या साखळीच्या कड्या सांधलेल्या नाहीत.
एकेक रेणू सुटा, आखूड,
दोन्ही टोकांना चार-चार बोटं :
दोन देणारी, दोन घेणारी.
देणारं बोट म्हणजे एक हायड्रोजन,
ज्याचा इलेक्ट्रॉन शेजाऱ्याने ओढून धरलाय,
म्हणून उघडा पडलेला;
घेणाऱ्याकडे थोडं जास्तीचं.
एकटं बोट काही पेलत नाही.
चार एकदम जुळली तर धरतात,
मग त्याला पुढचा, त्याला पुढचा,
हजारेक होईतो.

"म्हणजे चिकटवलेलं नाही?"
नाही.
"मग सुटत नाही?"
सुटतं. सारखं सुटतं, सारखं धरतं.
आत्ता आपण बोलतोय तेवढ्यात कितीदा.
कुठल्याही क्षणी सुटलेले थोडे, धरलेले पुष्कळ,
एवढ्या हिशेबावर ती पट्टी पट्टी आहे.

ब्लेडने ती मधोमध कापली.
तोंडं जुळवून त्यांच्या हातात दिली.
नाडी बघितल्यासारखे दाबून बसले.
दहा मिनिटांनी ओढून पाहिली : एक.
हसले. मग,
"आणि उशीर झाला तर?"

उशीर झाला तर कापलेल्या तोंडावरची बोटं
वाट बघत नाहीत, मोरजे.
आपल्याच बाजूचं कुणीतरी गाठतात.
रात्र गेली की दोन्ही तोंडं मिटलेली.
कितीही दाबा,
शेजारी शेजारी राहतात फक्त.
त्या ट्रेमध्ये बघा, परवा कापून विसरले मी,
ते दोन तुकडे.

मोरजे किल्ल्या मोजत राहिले.
"माझा थोरला भांडुपला असतो.
मालवणच्या घराची वाटणी झाली तेव्हापासून
आमचं देणंघेणं नाही."
कुठल्या साली, ते म्हणाले नाहीत.
खाली कुणीतरी गाडी रिव्हर्स घेत होतं,
तिची ती पिपाणी थांबेस्तोवर आम्ही गप्प.
"तापवलं तर?"
तापवलं तर उघडतात, म्हटलं.
बहुतेक.

सकाळी ट्रेमध्ये दोन तुकडे नव्हते,
एक पट्टी होती, मधे केसाएवढी रेघ.
ओव्हनच्या वहीत तिरकं अक्षर :
रात्री आठ ते साडेदहा. ऐंशी अंश. मोरजे.
मोरजे मात्र त्या दिवशी आले नाहीत.
रजेचा अर्जही नाही,
किल्ल्या वॉचमनकडे.

मी ती पट्टी यंत्राला लावली,
दोन्हीकडून चिमटे आवळले, ओढू दिली.
रेघेवरच तुटली.
पण बराच वेळ घेऊन.