तिसऱ्या मजल्यावरचा घेवडा

गालात्स, दोन हजार एकचा एप्रिल.
आठव्या मजल्यावर लिव्यूचा मोडेम,
तळमजल्यावर मी,
मधे हवेत लोंबणारी निळी केबल,
सात घरांच्या वर्गणीची.

अडली ती तिसऱ्या मजल्यावर.
वेतुरियाबाई, जहाजकारखान्यातून निवृत्त, क्रेनचालक.
"माझ्या गॅलरीतून जायचं तर भाडं पडेल."
किती?
तिने केबल बोटांत चोळली,
सुतळीसारखी ताणून पाहिली.
"घेवडा चढेल का याच्यावर?"

चढला.
जूनअखेर चौथा मजला, जुलैत पाचवा,
लाल फुलं.
रात्री अकरानंतर आम्ही गाणी उतरवायचो,
एकेक गाणं पाऊण पाऊण तास,
आणि एकोणनव्वद टक्क्यांवर घोडं अडलं की
लिव्यू वरून ओरडायचा,
"शेंगा तोडतंय का कुणी?"
तोडत असायची.
बॅटरी तोंडात धरून.

एकदा तिने केबलला कान लावला.
काहीच येत नाही रे ऐकू.
मावशी, ते आवाजासारखं नसतं, मी म्हटलं,
आणि मग कसं असतं
ते काही मला सांगता येईना.
"ओझं आलं की दोर बोलतो," ती म्हणाली,
"याच्यावर ओझंच नाही."

ऑगस्टात वीज पडली.
सातही घरांतली कार्डं जळून गेली,
जिन्यात दोन दिवस प्लास्टिकचा वास.
घेवड्याला ढिम्म काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी माझ्या दारापाशी
वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शेंगा,
लिव्यूच्या दारापाशीही,
सगळ्यांच्याच.
वर पेन्सिलीने, क्रेनच्या नोंदवहीतल्यासारख्या
ताठ अक्षरात:
लाइन बंद. भाडं परत.