एकेचाळीस

आचल, बस इथं. टॉवेल घे.
पुढच्या महिन्यात तू समुद्रात उतरणार
आणि तुझी बाटली अजून भरलेलीच.

आपण नागपूरचे, आपल्याला तहान कोणी शिकवावी?
मे महिन्यात बर्डीवर जायचं तर
खिशात कांदा, तोंडाला दुपट्टा,
आणि मागून आईचा आवाज: पाणी पिऊन जा बाप्पा!
सूर्य डोक्यावर दिसतो ना, म्हणून.

समुद्रात तो लपतो.
पोटाला गार लागत असतं, पाठीवर ऊन हळूच बसतं.
घाम येतो
आणि येता येताच धुऊन जातो.
अंगावर पुरावा राहत नाही.

मी बावीसचा होतो. मालवणला, अठरा किलोमीटर.
बाजूच्या होडीत हरचंद तांडेल, बिडी आणि वही.
दर अर्ध्या तासानं दोरीला बांधून बाटली फेकायचा.
पहिल्यांदा मी मान हलवली. दुसऱ्यांदाही.
पाण्यातच तर आहो, काहून पिऊ?
शिवाय थांबलं की वेळ जाते,
आणि या तलावातल्या पोट्ट्यांना मी
वेळ सांगून आलो होतो.

तो वहीत माझे हात मोजत होता.
मिनिटाला बासष्ट.
बासष्ट.
सत्तावन्न.
मला वाटत होतं, मी वेग घेतलाय.

तिसऱ्या तासाला जीभ टाळूला चिकटली.
ओठ सुजून दुसऱ्याचे झाले.
लाटेतला एक घोट गेला, तर तहान
आतून नखं मारायला लागली.
मग पोटरीत गोळा.
आणि मग, हसू नको,
मला किनारा दिसला.
फुटाळ्याचा.
भुट्टेवाला, निखारे, प्लास्टिकच्या खुर्च्या,
आणि माझा मोठा भाऊ सायकलला टेकून,
जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती त्याला:
ये ना बे, किती उशीर करून राहिला.

मी वळलो.
भर समुद्राकडे, पश्चिमेला,
पूर्ण आनंदानं.

एकेचाळीस, हरचंदनं लिहिलं
आणि उडी मारली.
हात लागला की पोहणं बाद,
हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.
त्यानं केसांना धरलं.

होडीत मी रडलो म्हणे.
तोंड वेडंवाकडं, खांदे हलताहेत,
डोळ्यांतून मात्र काही आलं नाही.
तो म्हणाला, रडाक पण पाणी लागता, पोरा.

वहीचं ते पान माझ्याकडे आहे.
एकेचाळीसच्या पुढं आकडा नाही,
ओल्या बोटाचा डाग आहे.

ताकद तुझी माझ्यापेक्षा जास्त आहे, म्हणूनच सांगतो.
ताकद शेवटपर्यंत खोटं बोलते,
आणि आपल्याच आवाजात बोलते.
होडीवाल्यानं विचारलं तर तुझं नाव सांग,
आज वार कोणता ते सांग.
अडखळलीस तर हात वर कर. लाज नको.

फुटाळ्याला मी अजून जातो.
खुर्ची पाण्याकडे पाठ करून लावतो.

चल, संपव ती बाटली.
सगळी.
मी पाहून राहिलो.