वीसपैकी पंधरा

सकाळी साडेसहाला मी चष्मा पुसते,
तिकडे सास्काटूनला आदल्या संध्याकाळचे सात.
शाल्मली पोळ्या लाटते, फोन डब्याला टेकवलेला,
मला दिसतं छत आणि अधूनमधून तिचं कोपर.
"हं आई, विचार."

पुस्तिकेच्या झेरॉक्सवर मी पेन्सिलीनं उच्चार लिहिलेत.
मेटी. मातीसारखं नाही, मेथीसारखंही नाही.
फरच्या व्यापाराला आलेले फ्रेंच,
तिथल्याच बायका, आणि त्यांची लेकरं.
प्रांत किती? दहा. प्रदेश? तीन.
नाण्यावरचा प्राणी?
"बीव्हर. पाच सेंटांवर. आई, हे सोपं आहे."
सोपं आहे तर मंगळवारी का चुकलीस?

बत्तीस वर्षं मी बाजीराव रोडच्या एक्स्चेंजमध्ये
कानाला हेडफोन लावून माणसं जोडली.
सातारा बोला. नागपूर बोला. तीन मिनिटं झाली, वाढवू का?
लग्नं ठरताना ऐकली, मयतं ऐकली,
ऐकून न ऐकल्यासारखं करायचा पगार होता.
आता पुस्तिका म्हणते, टेलिफोनची कल्पना सुचली
ती तिकडच्याच एका उन्हाळी घरात.
म्हणजे माझी भाकरी तिथूनच निघाली होती,
आणि कुणी सांगितलंच नाही एवढ्या वर्षांत.
"त्यावर अमेरिकाही हक्क सांगते," जावई मागून म्हणतात.
सांगू दे. पहिली मस्तानी कुठल्या दुकानात झाली
यावर आपल्याकडे तरी कुठं एकमत आहे.

नोव्हेंबरात छातीला लाल खसखशीचं फूल का लावतात?
"युद्धात गेलेल्यांसाठी."
माझे थोरले काका इटलीत राहिले, एका नदीकाठी.
मराठा पलटण. तारेत नदीचं नावही धड नव्हतं.
त्याच थंडीत तिथं कॅनडाची पोरंही होती म्हणे.
हे परीक्षेत येणार नाही. तरी सांगते.
लाटणं थांबतं.

मग ते पान, जे मी दोनदा गाळलं.
तिथल्या मूळच्या लोकांची मुलं
आईबापांपासून काढून शाळांत नेऊन ठेवली,
आपली भाषा बोलली तर मारलं.
एवढंसंच लिहिलंय, पाच-सहा ओळी.
"याच्यावर काय विचारतील गं?"
"माफी कधी मागितली ते."
दोन हजार आठ.
साल तिला एका दमात पाठ झालं.
मागे निहार हॉकी बघत होता, बर्फावरची.
मी हाक मारली, काय रे, जेवलास का?
"येस, आजी."
त्याला कुणी मारलं नाही.
त्याची आपली आपणच गेली.

शेवटचा प्रश्न. कॅनडा म्हणजे काय?
जुन्या बोलीत कनाटा. म्हणजे गाव, वस्ती.
परक्या दर्यावर्दीला कुणीतरी बोट दाखवलं,
ते बघ, पलीकडे आमचं गाव. एवढंच.
त्यानं मुलखाला तेच नाव लावलं, पुढे सगळ्या देशालाच चिकटलं.
म्हणजे आपण कुणाला म्हणावं, ते बघा कात्रज,
आणि त्यानं पार काश्मीरपर्यंत कात्रज लिहून टाकावं!
शाल्मली हसली. पोटातून. किती दिवसांनी.

शनिवारी निरोप आला, वीसपैकी एकोणीस.
पंधरा पुरे होते.
एक कुठला चुकला, ते सांगेना.
आता हात वर करून शपथ,
मग आपला पासपोर्ट परत करायचा.
नव्यावरही जन्मगाव छापतात म्हणे.
पुणे.
मी दोनदा विचारून घेतलं.

झेरॉक्स रद्दीत घातली नाही अजून.
साडेसहाला चष्मा पुसते, सवयीनं.
विचारायला काही उरलेलं नाही,
आणि फोन लागतो.
"हं आई, विचार."
पोळ्या किती झाल्या?
"सात."
बरोबर, म्हणते मी,
आणि पेन्सिल शोधते.