पुकारा

रात्री साडेअकरा. सहकारनगरची कुत्री गप्प झाली,
वरच्या मजल्यावर बोधनींचा मिक्सर थांबला,
की मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून बसते.
तीन दुलया, एक माईक, पुरावा कायद्याचं पुस्तक.
पान एकशे बारा: मृत्युपूर्व जबाब.

लाल गोल दाबते.
पडदा म्हणतो, ध्वनी-उपकरण उघडताना त्रुटी.
एवढंच. सही नाही, शिक्का नाही,
कोणत्या कलमाखाली, तेही नाही.

चौतीस वर्षं शिवाजीनगर कोर्टात
मी दुसऱ्यांचं बोलणं टिपून घेतलं.
खोकला आला तर खोकला गाळून,
रडू फुटलं तर त्याचीही खूण करून.
माझ्या लघुलिपीत रडण्याला एक छोटीशी वळकटी होती.
आता माझं कुणी टिपून घ्यायची वेळ आली
तर यंत्र कानावर हात ठेवतं.

मग मी आमच्या तुपे शिपायासारखा पुकारा करते.
यादी उघडते.
आतला माईक: हजर, पण मुका.
सुजयचा हेडफोन: सुजय बाणेरला राहायला गेला,
हेडफोन घेऊन गेला, नाव इथंच राहिलं,
रेशनकार्डावर राहतं तसं.
निळा माईक, तापकीर गल्लीतला: गैरहजर.
वायर काढून पुन्हा लावते. गैरहजर.
फुंकर मारते, कॅसेटवर मारायचो तशी. गैरहजर.
दुसऱ्या भोकात लावते.
हजर!
आणि लाल गोल दाबल्याबरोबर पुन्हा तीच त्रुटी.

भाची फोनवर म्हणाली, मावशी, परवानगी बघ,
खोलात कुठेतरी एक बटण असतं,
तुझा आवाज कुणी ऐकायचा ते तूच ठरवायचं असतं.
सापडलं. बंद होतं.
कालच्या अपडेटनं केलं असेल, म्हणाली.
माझ्या नावावर, मला न विचारता.

सुरू केलं. पडद्यावर हिरव्या लाटा उठल्या.
चाळीस मिनिटं वाचलं, एकदाही न अडखळता,
आणि फाईल घोरपडीला पाठवली, तौसीफला.
त्याला दिसत नाही, आणि परीक्षा अकरा दिवसांवर.

सकाळी सातला त्याचा फोन.
"काकू, बरं नाहीये का?"
"का रे?"
"पट्टी उतरलीय तुमची. शब्द पाय ओढत चालतायत."
वय झालं, मी म्हटलं.
"वय एका रात्रीत होत नाही," तो म्हणाला,
"आकडे बघा. एकीकडे अठ्ठेचाळीस हजार असेल,
दुसरीकडे चव्वेचाळीस हजार शंभर."

चष्मा लावून बघितलं. तंतोतंत तेच.
दर सेकंदाला इतक्या वेळा माझा आवाज मोजतात
हे साठ वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.
माईक भराभर मोजत होता,
लिहिणारा सावकाश मोजतोय असं धरून बसला होता.
मधला फरक माझ्या गळ्याला लागला.
नवखे लघुलेखक असेच मागे पडायचे,
आणि साहेब चिडायचे साक्षीदारावर.

दोन्ही आकडे सारखे केले.
चहा झाला, बँकेत जाऊन आले, दुपारी झोप नाही आली.
त्याला माझी पट्टी माहीत आहे, हे मनात घोळत राहिलं.
घरात इतरांना फक्त हाक माहीत.

रात्री पुन्हा दुलया, दार अर्धं ओढलेलं.
चाचणीला एक-दोन-तीन म्हणायचं, तर तोंडातून आलं:
माझे नाव वैजयंती धडफळे, वय एकसष्ट,
धंदा निवृत्त लघुलेखक, राहणार पुणे नऊ,
सत्यप्रतिज्ञेवर सांगते की

हजारो वेळा लिहिलेलं वाक्य,
म्हटलं पहिल्यांदाच.
हिरवी रेघ हलली. प्रत्येक अक्षराला हलली.
पुढे काय सांगायचं ते आठवेना,
मी श्वास घेतला, तोही नोंदला गेला,
आणि वर बोधनींनी इडलीचं पीठ वाटायला घेतलं.