उरलेली फुली

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या खोलीत
चौगुले मिस्त्रींनी माझा कागद उलटा धरला.
"कावळ्याचं घरटं काढलंस व्हय?"
वर भंगार, वाळू, कोअर, मधे भट्ट्या,
बाण सगळे खालीच जाणारे,
तरी तेवीस ठिकाणी एकमेकांना कापत.

खोडरबर घेतलं.
एकेका चौकोनाला विचारलं,
वरची तुझी माणसं कुठंशी?
त्यांच्या मधोमध सरकवलं त्याला.
ग्राइंडिंग डावीकडं गेलं: तेवीसाचे नऊ.
कोअर-भंगार अदलाबदल: चार.
चहावर साय.

एक राहिली.
दोन भट्ट्या, दोन साचे,
दोघींचं लोखंड दोघांत.
कसंही फिरवा, फुली तिथंच.

मिस्त्रींनी तिच्यावर काळं बोट ठेवलं.
"हितं घंटी बांधूया.
दोन लॅडल रोज हितंच
आडवी येत्यात."